भट्टीवरचं कापड

लेक बोलायची थांबली, हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. ती दोन वर्षांची होती. पाणी, रिक्षा, मावशी, मासळीला मावरं असे पंधरा-वीस शब्द दिवसभर तिच्या तोंडात असायचे. मग पोट दुखतं म्हणून तिचं रडणं वाढलं आणि त्या रडण्यात शब्द कधी गळून गेले ते कळलं नाही. एका सकाळी तिने तांब्याकडे नुसतं बोट दाखवलं. मी म्हटलं, "काय पाहिजे? बोल ना." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चिडून भिंतीवर डोकं आपटायला लागली.

आम्ही बोईसरला एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा तांब्याचं भंगार वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर होता. माझं माहेर समुद्रकाठच्या मुरबे गावचं. आई जवळा-बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची.

बोईसरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्त वाढायचं औषध दिलं. तीन महिने गेले. पोरगी मेणासारखी पांढरी पडत चालली होती. शेवटी तिला पालघरला लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. नवरा पहिली पाळी संपवून तसाच आला होता. बाईंनी लेकीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, आणि मग त्यांची नजर नवऱ्याच्या कॉलरवर थांबली. तिथे राखाडी रेघ होती.

"तुम्ही कुठे कामाला?"

"तांब्याच्या भट्टीवर. भंगार वितळवतो आमी."

"काय काय असतं त्या भंगारात?"

"वायरी, जुन्या मोटारी, रेडिएटर, डाख देऊन झाळलेले तुकडे. येईल ते."

"काम झाल्यावर तोंडाला चव कशी येते?"

नवरा हसला. "गोड. पाळी सुटल्यावर बिनसाखरेचा चहाही गोड लागतो. सगळ्यांनाच लागतो."

बाई हसल्या नाहीत. "अंगात काही विषारी जातंय का बघू," म्हणत त्यांनी लेकीचं आणि त्याचं, दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघत होते. काजळाची डबी फेकली. हळद फेकली. नळाचं पाणी दोनदा उकळलं. पाचव्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. "दोघांच्याही रक्तात शिसं आहे, भंगार वितळताना धुरातून सुटणारं. मुलीच्या जास्त आहे, फार जास्त. तिला मुंबईला दाखल करावं लागेल. मी चिठ्ठी देते, उद्या सकाळीच निघा. पण त्याआधी एक काम करा. ते घरात कुठून येतंय ते शोधा. तिला बरं करून परत त्याच धुळीत आणलं तर काही उपयोग नाही."

धूळ म्हटल्यावर मला नवऱ्याचे कपडे आठवले. रोज संध्याकाळी मी ते दारात झटकायचे आणि लेक माझ्या पायाशी बसलेली असायची. मी दारामागच्या कपड्यांकडे बोट दाखवलं. पण पाळीवरून नुकताच आलेला नवरा माझ्याकडे बघत नव्हता. तो लेकीच्या अंथरुणाकडे बघत होता.

"ते कापड," तो म्हणाला.

भट्टीचा धूर धुरांड्यातून बाहेर सोडायच्या आधी लांबलचक कापडी पिशव्यांतून गाळतात. सगळी धूळ त्या पिशव्यांत अडकते. पिशव्या जुन्या झाल्या की काढून कारखान्याच्या मागच्या भिंतीशी टाकायचे. कापड घोंगडीसारखं जाड, फाटता फाटत नाही असं. कामगार ते घरी न्यायचे. कुणी दाराला लावलं, कुणी स्कूटरवर घातलं. आम्ही एक पिशवी उसवली, दोनदा धुतली आणि लेकीच्या खाली अंथरली. त्याचा कोपरा तोंडात धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

मी ते कापड उचलायला वाकले तसा तो ओरडला, "झटकू नको!" आणि मग हळूच म्हणाला, "मुरब्याला पण दिलंय ना."

ते मी विसरलेच होते. दिवाळीत त्याने आईला आठ-दहा पिशव्या नेऊन दिल्या होत्या. जवळा वाळूवर पसरला की त्यात रेती येते, गिऱ्हाईक कुरकुरतं. या कापडावर जवळा स्वच्छ सुकत होता. आई जावयाचं कौतुक सांगत गावभर फिरली होती, आणि शेजारच्या बायांनाही तिने त्यातली कापडं वाटली होती.

लेकीला नवऱ्याजवळ ठेवून मी रिक्षाने मुरब्याला गेले. ऊन कडक होतं. किनाऱ्यावर सगळीकडे जवळा पसरला होता, आणि त्यात ती करडी कापडं ओळीने दिसत होती. आई वाकून जवळा हलवत होती.

"आये, हात लावू नको. हा सगळा जवळा टाकायचा हाय."

"काय झाला? पोरीला बरा हाय ना?"

मी सांगितलं. आईने ऐकून घेतलं, मग कापडाला हात लावून म्हणाली, "आमी धुतलाय दर्याच्या पाण्यात. एवढा ऊन लागलाय. काय ऱ्हाईल त्यात आता?"

मी नाकाला पदर बांधला, तिच्या टोपलीतली जाळं शिवायची कात्री घेतली आणि कापडाच्या काठाची दुहेरी शिवण उसवली. आत बारीक, पिठासारखी राख घट्ट बसली होती. आईने बोट पुढे केलं, मी तिचा हात धरला. ती मागे सरली. शेजारच्या बाया गोळा झाल्या होत्या.

त्यातली एक तडकली. "तुज्या नवऱ्याने दिला तवा चांगला होता! आता आमचा माल टाकायचा?"

आईच पुढे झाली. "माजी नात उद्या मुंबईला जातेय. तुमाला खायचा असेल तर खा. मी कुणाला इकणार नाय." तिने आपला जवळा कापडासकट गुंडाळायला घेतला. दोन बायांनी लगेच तसंच केलं. तडकलेली बाई तिथेच बसून राहिली. संध्याकाळी तिनेही कापड आणून दिलं, पण माझ्याशी बोलली नाही. ती आजही बोलत नाही.

त्या रात्री फोन केला तेव्हा डॉक्टरबाईंनी बजावलं की हे जाळायचं नाही, पुरायचं नाही, समुद्रात टाकायचं नाही. ते जिथून आलं तिथेच परत जायला हवं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन मुंबईला गेले आणि नवरा टेम्पोत ती गाठोडी घालून कारखान्याच्या दारात उभा राहिला. सुपरवायझर बाहेर आला. कापड बघून म्हणाला, "हे तू चोरून नेलंस. लिहून दे तसं." नवरा मुळात कुणाला उलटून बोलणारा नाही. पण त्याने खिशातून दोन्ही रिपोर्ट काढले आणि म्हणाला, "लिहून देतो, साहेब. चोरला म्हणून देतो. तुमी पण लिहून द्या, यात काय हाय ते." पाळी बदलायची वेळ होती. आत जाणारे, बाहेर येणारे सगळे थांबले. मग एकेकजण सांगायला लागला, माझ्या पण घरी आहे, माझ्या पण. सुपरवायझर फोन करायला आत गेला. तासाभराने गाठोडी आत घेतली गेली, पावतीसकट.

महिन्याभरात सगळ्या कामगारांचं रक्त तपासलं. आता तिथे अंघोळीची सोय झालीय आणि कपडे तिथेच धुतात. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं, असं कारखाना तपासायला आलेल्या सरकारी माणसाने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने भट्टी सोडली. आता तो एका गोदामात आहे. शिशामुळे त्याचा उजवा हात अजून कधीकधी मनगटातून सैल पडतो.

लेक मुंबईहून परतल्यावर आम्ही त्या खोलीत पुन्हा गेलोच नाही. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासतात. आकडा उतरतोय, हळूहळू. ती बोलते, पण तिच्या वयाच्या मुलांच्या मागे आहे. डॉक्टरबाईंना मी विचारलं, सगळं भरून येईल का? त्या म्हणाल्या, "खोटं सांगणार नाही. बघत राहू."

आईचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. त्या कापडावर सुकवलेला आधीचा जवळा विकला गेला होता. ती चार बाजार आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि प्रत्येक ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगत राहिली, "माज्याकडचा जवळा घरात असेल तर खाऊ नका, आणून द्या." काहीजणी हसल्या. काहींनी तिच्याकडून घेणंच सोडलं. तिसऱ्या बाजारी एक बाई स्टीलचा डबा घेऊन आली, अर्धा रिकामा.

"यातला अर्धा खाल्ला आम्ही," ती म्हणाली. "घरात दोन लहान आहेत. काय करू?"

आईने टोपली तिथेच झाकून ठेवली, तिला हाताला धरून रिक्षात बसवलं आणि पालघरच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.