दुसरीच्या नवऱ्याचं नाव

त्या काळी कंपनीच्या दवाखान्यात औषध मिळायचं ते बिल्ल्यावर. पितळेचा, रुपयाएवढा, वर नंबर ठोकलेला. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा बिल्ला सदऱ्याच्या खिशाला अडकवलेला असायचा. फाटकातून आत जाणं, पगार, माझं खोकल्याचं औषध, सगळं त्या नंबरावर. जुनी कंपनी सोडली त्या दिवशी ह्यांनी तो परत केला. चिंचवडला नवी कंपनी उभी राहत होती, तिथं पगार बरा होता. पण ती आधी दोन महिने मुंबईला काम शिकायला पाठवणार आणि बिल्ला देणार त्यानंतर. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून हे ट्रंक उचलून गेले. मधल्या दिवसांत आम्ही कुठल्याच कंपनीचे नव्हतो. हे माझ्या डोक्यात शिरायला मुलीला ताप यावा लागला.

आम्ही नगरकडचे. कासारवाडीत रुळांच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मी एकोणीस वर्षांची, मुलगी आठ महिन्यांची. हे गेल्यावर दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मी तव्याशी बोलायला लागले होते, आणि तव्यावर चिडायलाही लागले होते. गाडी गेली की तेवढं बरं वाटायचं, कारण खिडकीत माणसं दिसायची.

मुलीला आधी सर्दी झाली, मग ताप, मग श्वास घेताना छाती वाजायला लागली. चिंचवडच्या डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, "छातीत कफ धरलाय. आठ दिवस सुया द्याव्या लागतील, सकाळ-संध्याकाळ. मधे खंड पडू देऊ नका." दोन दिवसांच्या सुयांत ह्यांनी ठेवलेले महिन्याचे पैसे संपले. डॉक्टर वाईट नव्हते, पण सुई त्यांनाही विकतच आणावी लागत होती. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या येताना पैसे घेऊन या." मी मान हलवली आणि मुलीला पदरात गुंडाळून घरी चालत आले.

मुंबईला एक कार्ड टाकलं असतं तर हे मिळेल त्या गाडीनं आले असते. भीती त्याचीच होती. शिकताना जो मधेच घरी जाईल त्याला परत घेणार नाहीत, असं त्यांना बजावून सांगितलं होतं. जुनी नोकरी सुटलेली, नवी हातात आलेली नाही. म्हणून मी कार्डावर लिहिलं, "इकडे सर्व खुशाल. मुलगी मजेत आहे." लिहिताना ती मांडीवर कण्हत होती. मला ह्यांचा इतका राग आला की विचारू नका. खोटं मी लिहीत होते आणि राग त्यांचा येत होता.

पलीकडच्या खोलीतली बाई इथलीच, मावळातली. तिचा नवरा ह्यांच्याच जुन्या कंपनीत कामाला होता. तिलाही माझ्या मुलीएवढीच मुलगी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या मुलीच्या कपाळाला हात लावला आणि घरात जाऊन नवऱ्याचा बिल्ला घेऊन आली.

"ह्यो घे. त्यांची दुपारपाळी हाय, तवर बिल्ला घरीच पडून असतोय. माझी पोर म्हणून दाव हिला. त्यांना काय सांगू नगंस."

"आणि नाव विचारलं तर?"

नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? तिनं थोरल्या मुलीला हाक मारली. "सांग गं मावशीला, तुज्या बाचं नाव." मुलीनं आडनावासकट सांगितलं. मी ते वाटभर घोकत गेले. पाऊण तासाची वाट, एका हातात औषधाची रिकामी बाटली, खांद्यावर मुलगी. बाटली आपापली न्यावी लागे. पकडली गेले तर त्या माणसाची नोकरी जाईल हे मला कळत होतं. तरी गेले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याच्या नोकरीचं काही वाटलं नाही.

दवाखान्याच्या खिडकीत म्हातारे कंपाउंडर बसायचे. बाकावर पाच-सहा बाया. मी बिल्ला ठेवला.

"नवऱ्याचं नाव?"

मी शाळेत कविता म्हणावी तसं ते घडाघडा म्हटलं, आडनावासकट.

बाकावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. एक फिसकन हसली. कंपाउंडरांनी टाक खाली ठेवला.

"बाई, इतकी वर्षं मी या खिडकीत बसतोय. कुणी पदर तोंडाला लावतं, कुणी शेजारणीला सांगायला लावतं, कुणी म्हणतं बिल्ल्यावरून बघा. नवऱ्याचं नाव असं घेणारी तुम्ही पहिल्याच. कुणाचा बिल्ला आणलात?"

मला हे ठाऊकच नव्हतं असं कसं म्हणू? घरी-दारी मीही कधी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. पण दवाखान्यात दर वेळी हे बरोबर असायचे, नाव तेच सांगायचे. आणि घोकलेलं नाव माझ्या कुणाचंच नव्हतं, ते जिभेला अडलं नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी हीच मुलगी तुमची होती. याच खिडकीतून तिला औषध दिलंत. बिल्ला गेला म्हणून हिची छाती वाजायची थांबली का?"

ते शांतपणे म्हणाले, "तुमची म्हणजे कुणाची? खरं नाव सांगा."

आणि मी मुकी झाले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, पण उखाण्यात सगळे हसत असतात, नाव पटकन निघून जातं. मी बाकाकडं वळले, कुणीतरी माझ्यासाठी सांगावं म्हणून. त्यातल्या एकीलाही ह्यांचं नाव माहीत नव्हतं. मी किती एकटी आहे ते मला तिथं कळलं. घरी तव्याशी बोलतानासुद्धा इतकं कळलं नव्हतं.

मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी नाव सांगितलं.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं."

पुन्हा सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यांनी जाडं रजिस्टर ओढलं, बोट फिरवत खाली गेले आणि थांबले. "दवाखान्याचे पैसे या महिन्याचे पुरे कापलेत. महिना संपेपर्यंत तुमचा हक्क आहे. हे नाव आधी का नाही सांगितलंत?"

शेजारणीचा बिल्ला त्यांनी माझ्याकडं सरकवला. "हा जिथला तिथं द्या. परत आणू नका." आणि आत डॉक्टरांकडं चिठ्ठी पाठवली.

महिना संपायला चार दिवस होते. चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी ती वाट चालले. उरलेल्या दोन दिवसांच्या सुया चिंचवडला घेतल्या, त्यात मुलीचे चांदीचे वाळे गेले. सातव्या दिवशी ती दूध प्यायली आणि माझं नाक ओढलं. ते सांगायला घरात कोणी नव्हतं. मी शेजारणीला सांगितलं आणि तिच्या उंबऱ्यावर बसून रडले.

हे परत आले, खिशाला नवा बिल्ला. वाळे कुठं आहेत विचारलं. घट्ट व्हायला लागले म्हणून काढले, असं मी सांगितलं. पुढं सांगू म्हटलं, आणि राहून गेलं. एकटीनं सोसलेलं नंतर वाटून घेता येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

खूप वर्षांनी, म्हातारपणी, ह्यांना इस्पितळात ठेवायची वेळ आली. खिडकीतल्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. आमची मुलगी गाडी लावायला गेली होती. मी सांगितलं, आडनावासकट, मोठ्यानं. चाकाच्या खुर्चीत ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"तुला येतं होय माझं नाव?" हे म्हणाले. "कधी शिकलीस?"

मी म्हटलं, "आत्ताच."