मावशीचं क्रिमिनल जस्टिस

गुन्हेगारांबद्दल एवढ्या आपुलकीने बोलणारी निरपराध बाई अख्ख्या बोरिवलीत माझ्या धाकट्या मावशीशिवाय दुसरी सापडायची नाही. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बायका योगासनांच्या क्लासला जातात, फार तर भजनी मंडळात. मावशीने क्रिमिनल जस्टिसच्या बी.ए.ला नाव घातलं. "म्हणजे तू आता पोलीस होणार?" माझ्या आईने विचारलं. "नाही गं ताई. माणूस गुन्हा का करतो, पकडल्यावर त्याचं काय होतं, आणि न केलेल्यालाच पकडलं तर काय, ते शिकणार." आई म्हणाली, "या वयात कशाला हवंय हे?" "याच वयात हवंय. तरुणपणी मला सगळंच माहीत होतं."

पहिल्या दिवशी तिला मॅडम समजून अख्खा वर्ग उभा राहिला. पण लवकरच तीच पोरं तिच्या डब्यातल्या थालीपिठावर तुटून पडायला लागली आणि "मावशी, यार, तो जामिनाचा चॅप्टर समजाव ना" म्हणत तिच्या मागेमागे फिरायला लागली. सुट्टीत लोक नाटकाला जातात तशी ही कोर्टात जायची, आणि डबा-बाटली मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायची. कोर्टात कुणालाही जाऊन बसता येतं, हे तिने आम्हाला इतक्या आनंदाने सांगितलं की जणू ही सोय सरकारने खास तिच्यासाठीच केली असावी. मालिकेतल्या इन्स्पेक्टरने लाथ मारून दार तोडलं की ही सोफ्यावरून ओरडायची, "वॉरंट कुठाय तुझं?" एकदा माझ्या मुलाने फुलदाणी फोडली आणि माझ्या हातचे दोन धपाटे खाल्ल्यावर कबूल केलं. मावशीने ती कबुली फेटाळून लावली. "तू या घरातली पोलीस. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही." तेव्हापासून घरात काही फुटलं की चिरंजीव आधी मावशीला फोन लावतात.

हे सगळं गमतीतच चाललं होतं. मग मावशीच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची सोन्याची बांगडी हरवली. मढहून एक कोळीण तिथे मासे घेऊन यायची. मासे निवडताना वहिनींनी बांगडी काढून दाराशी ठेवली होती, नंतर ती दिसेना. पुढच्या रविवारी कोळीण आली तेव्हा मी मावशीकडेच होते. खाली आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. माणसं गोळा झाली होती. सेक्रेटरी म्हणत होते, "पाटी उलटी कर!" ती पाटी छातीशी धरून म्हणत होती, "मी नाय घेतली, बाय."

मावशी गाऊनवर ओढणी टाकून मध्ये जाऊन उभी राहिली. "घेताना कोणी पाहिलं?"

"दुसरं कोण होतं मग तिथे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हे उत्तर नाही झालं. पाहिलं का?"

कोणीच पाहिलं नव्हतं. "संशय असेल तर तक्रार करा, पोलीस बघतील. तिच्या पाटीला हात लावायचा अधिकार इथे कुणालाच नाही." "तुमच्या घरात चोरी होईल तेव्हा कळेल," सेक्रेटरी म्हणाले. "तेव्हाही हेच म्हणेन," मावशी म्हणाली.

तक्रार झाली नाही आणि बांगडीही मिळाली नाही. मात्र सगळ्या बिल्डिंगने त्या बाईकडून मासे घेणं बंद केलं. मग जन्मात अंडंही न खाल्लेली माझी मावशी दर रविवारी मासे घेऊ लागली. पिशवी अंगापासून हातभर लांब धरून, रिक्षाने दहिसरला आमच्याकडे पोचती करायची. माझा नवरा मालवणी. "मावशी झकास शिकतायत," तो बोंबील तळता तळता म्हणायचा. "ही डिग्री अजून थोडी लांबवता नाही का येणार?"

एकदा मी न राहवून विचारलं, "मावशी, खरं सांग, घेतली असेल का गं तिने?" ती ठाम नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. पण ती म्हणाली, "माहीत नाही."

"मग एवढी भांडलीस कशाला?"

"माहीत नव्हतं म्हणूनच."

शेवटी ते मासे कोळणीनेच थांबवले. "बाय, तू मावरं खात नाय, मना ठाव हाय. पिशवी कशी धरते ते बघून कोनीबी सांगल. आता नको घेऊ." त्यानंतर ती त्या गल्लीत आली नाही. परीक्षेत कॉपी करताना पकडली गेल्यासारखं मावशीचं तोंड कितीतरी दिवस उतरलेलं होतं.

मावशी पास झाली. आता ती एका संस्थेबरोबर तुरुंगात जाते, खटला संपायची वाट बघत असलेल्या बायकांना भेटायला. तिथल्या गोष्टी मात्र ती सांगत नाही. परवा तिथून थेट आमच्याकडे आली. मी चहा पुढे ठेवला.

"कुणाला भेटलीस आज?"

"एका बाईला. मुलगी दहावीला आहे तिची. तेच बोलत होतो."

"काय केलंय तिने?"

"ते विचारलं नाही गं."

तिने चहाचा कप उचलला. मग एकदम म्हणाली, "दहावीनंतर मुली हल्ली काय काय करतात गं?" मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. ती एकेक शब्द मनात ठेवत ऐकत राहिली. पुढच्या भेटीत ते तिला कुणाला तरी सांगायचं होतं.