बुडख्यांची टेकडी

थर्झा पेल्टनचा पाय एका जागी ठरत नसे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या मुलींच्या विद्यालयात ती सोळाव्या वर्षी आली, १८४६ साली. बाबांची जवळच्याच ओढ्यावर लाकूड चिरायची गिरणी होती. बसून राहायची तिला सवयच नव्हती. इथं मात्र रोज दुपारी दोन तास चित्रकला. संगमरवराची पूड चिकटवलेला पुठ्ठा, कोळशाची कांडी, पुसायला पावाचा गर आणि समोर नक्कल करायला छापील चित्र: तळं, काठावर किल्ला, वर चंद्र.

तिसऱ्यांदा तोच किल्ला काढताना तिनं विचारलं, "किंबॉलबाई, हे तळं कुठं आहे हो?"

"युरोपात."

"तुम्ही पाहिलंय?"

किंबॉलबाई चाळिशीच्या, सडसडीत. मान न वळवता म्हणाल्या, "पाहायची गरज नाही. रेघ सरळ ठेव."

शेजारची ड्रुसिला फिसकन हसली. "अगं, तुझा बुरूज म्हणजे ताक घुसळायचं पिंप झालंय!"

सोमवारी धुण्याच्या गडबडीत थर्झा पुठ्ठा घेऊन मागच्या फाटकातून सटकली. समोर बाबांच्या गिरणीनं बोडकी केलेली टेकडी. नुसते बुडखे, मधून चरणारी मेंढरं, खाली दगडी बांध. ती काढत बसली आणि दोन तास कधी सरले ते तिला कळलंच नाही.

फाटकात किंबॉलबाई उभ्या. चित्र हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. "बुडख्यांचं चित्र कुणी काढतं का गं? डोळ्यांना बरं वाटेल असं काढावं." पण चित्र काही परत दिलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी दिवाणखाना पाहुण्यांनी भरला. भिंतीवर मुलींची चित्रं टाचलेली. बाबा टोपी हातात धरून थर्झाच्या चित्रासमोर थांबले. थर्झानंही पाहिलं. टेकडी होती, पण बुडख्यांच्या जागी पाइनची दाट झाडं उभी होती आणि माथ्यावर किल्ला.

"झकास!" बाबा म्हणाले. "कुठला गं हा मुलूख?"

तिला राहवेना. खाण्याच्या टेबलावरचा पाव तिनं उचलला, गर काढला आणि किल्ल्यावर खसाखसा घासायला लागली. किल्ला गेला, पाइनही गेले, उरला राखाडी फराटा आणि खालचा दगडी बांध.

"पोर वेडी झाली की काय!" कुणी बाई किंचाळल्या.

"थर्झा, पुरे कर!" ड्रुसिलानं तिची बाही ओढली.

बाबांनी मात्र खाली वाकून बोट ठेवलं. "हा बांध आपला ना? म्हणजे ही आपली टेकडी." मग हळूच म्हणाले, "सगळी झाडं मीच तोडली."

संध्याकाळी किंबॉलबाई तिच्या खोलीच्या दाराशी आल्या. "तुझ्या चित्रावर मी हात फिरवायला नको होता. विश्वस्तांच्या बायका नाकं मुरडतील म्हणून भ्याले."

"बाई, तुम्ही कधी बाहेर बसून काढलंच नाही?"

"एकवीस वर्षं मी त्याच वर्गात आहे, थर्झा."

थर्झाचा राग गेला नाही, पण तिनं बाईंना बसायला खुर्ची पुढं केली.

शिक्षण संपल्यावर थर्झा स्वतःच चित्रकला शिकवू लागली. न्यूयॉर्क राज्यात एक वर्ष, ओहायोत दोन. मुलींना घेऊन रानात जायची. झगे चिखलात माखले की मुलींच्या आया तक्रारी आणायच्या, आणि कुणी काढून टाकण्याआधीच ही पेटी भरायची. "एकदा तरी टिक की कुठं!" आई पत्रातून लिहायची.

इलिनॉयच्या सपाट गवतात मात्र ती अडली. आल्मेडा नावाची विद्यार्थिनी वैतागून म्हणाली, "बाई, इथं काढायचं काय? ना डोंगर, ना तळं."

चार दिवस थर्झा कोरा कागद घेऊन गवतातून भटकली. पाचव्या दिवशी कागदाच्या अगदी तळाशी तिनं एकच आडवी रेघ ओढली आणि वरचा सगळा कागद आभाळाला देऊन टाकला. आल्मेडा बघत राहिली, मग तिथंच बसून आपली रेघ ओढू लागली.

त्या गावात थर्झा नऊ वर्षं राहिली. तरी दर वसंतात पहाटे गावाच्या टोकापर्यंत चालत जायची, रस्ता पुढं कुठं जातो ते बघत उभी राहायची, आणि शाळेची पहिली घंटा झाली की झपाझप परत फिरायची.