वीस वावरांतला कुंदा

आयुष्यात माझ्यावर खोटेपणाचे बरेच आरोप झाले. त्यातले निम्मे खरे होते. पण कुंद्याच्या बाबतीत मी पूर्ण निर्दोष होते, आणि नेमकं तेच कुणाला पटेना.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. नाशिकच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते. विषय कुंदा. काळ्या जमिनीत एकदा घुसला की शेतकऱ्याला रडवणारं हे गवत. त्याचं खोड जमिनीखाली धावतं; त्याला काशा म्हणतात. हे गवत किती तऱ्हांचं आहे, ते मला मॉलिक्युलर मार्करनी शोधायचं होतं. म्हणजे पानं कुटून डीएनए काढायचा आणि त्यातल्या ठरावीक खुणांचे तुकडे जेल नावाच्या पातळ, लिबलिबीत वडीवर विजेनं पळवायचे. दिव्याखाली त्यांचे पट्टे दिसतात. झाड वेगळं, तर पट्टे वेगळे.

सिन्नरच्या बाजूची वीस वावरं मी तुडवली. वीस मालक, वीस बांध आणि निदान पंधरा कुत्री! एकविसावा नमुना तुलनेसाठी, लांबच्या त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचा.

जेल अतिनील दिव्यावर ठेवलं. नारिंगी पट्टे उजळले. एकविसावी रांग वेगळी. बाकी वीसच्या वीस हुबेहूब सारख्या.

माझे मार्गदर्शक सर काचेवर वाकले. "एकाच ठोंबाची वीस पानं तोडलीस ना?"

"नाही सर, सगळीकडे चालत गेले."

"बूट दाखव."

"चपलेनं गेले होते."

"मग तर गेलीच नाहीस. आणि हा एकविसावा?"

"त्र्यंबकचा."

"म्हणजे सहलीला गेलीस तेवढंच खरं!" मग त्यांचा आवाज खाली आला. "उद्या मी स्वतः येतो. नमुने खोटे निघाले तर संशोधनातून तुझं नाव काढून टाकीन."

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीची पँट घातलेले सर माझ्याबरोबर प्रवासी जीपमध्ये दाटीवाटीनं बसले. प्रत्येक वावरात स्वतः वाकले, स्वतः पान तोडलं, पिशवीवर स्वतः सही केली. माझा हात गवताला लागू दिला नाही. चौथ्या वावरात झेंडू खुडणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"काय हरवलं का साहेब?"

"कुंदा शोधतोय."

मावशी इतक्या हसल्या की पाटीतला झेंडू सांडला. "माझ्या वावरात कुंदा शोधावा लागतो व्हय? तुमच्या पायाखाली हाय. न्या, सगळा न्या! लय उपकार होतील."

"तुम्ही काढत नाही का?"

"काढतो की! दर उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून खोल नांगरट. आधी त्या वरच्या वस्तीवर, मग माझ्या जावंकडं, मग हितं, मग खाली रस्त्यापर्यंत. समद्यांचा एकच नांगर."

सर एकदम ताठ उभे राहिले. "एका वावरातून दुसऱ्यात जाताना नांगर धुता?"

"नांगर रोज धुत्यात व्हय कुठं? दसऱ्याला धुतो. हळदकुंकू वाहतो."

ट्रॅक्टर वरच्या वस्तीवर उभाच होता. सरांनी त्याच्या नांगराच्या फाळामागे बोट घातलं. वाळलेल्या मातीच्या ढेकळात करंगळीएवढे काशांचे तुकडे निघाले. एकाला हिरवा कोंब होता.

प्रयोगशाळेत सरांनी पानं स्वतः कुटली. मला खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले. पुढच्या आठवड्यात एका खुणेवर न थांबता त्यांनी बऱ्याच खुणा तपासल्या. शेवटचं जेल दिव्यावर ठेवलं तेव्हा आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून वाकलो. पुन्हा वीस रांगा, पुन्हा तेच पट्टे.

"एकच आहे हे," सर हलकेच म्हणाले.

मैलोन्‌मैल पसरलेलं एकच गवत! त्याला मारायला आलेल्या नांगरावर बसून ते वावरांमागून वावरं फिरत होतं. जितके तुकडे केले, तितक्या ठिकाणी जगलं. पहिली काडी कुणाच्या बांधावर उगवली असेल, ती किती म्हातारी असेल, कोण सांगणार?

सरांनी माझी वही ओढली, 'नमुने खरे' असं लिहून सही केली आणि घसा खाकरला. बहुधा माफी मागणार होते. मी आठवडाभर त्या क्षणासाठी एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं. पण मी म्हणाले, "सर, थांबा ना, दिवा नका घालवू." आणि आम्ही दोघं बघतच राहिलो.