काचेवरची वाफ

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या बाटल्या मोजत होते. महिन्यातल्या पहिल्या सोमवारचं ठरलेलं काम. "म्याडम, बाबा गेले पहाटं," सातापामामांचा थोरला बोलत होता. "माती कोडोलीतच हाय, अकराला." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि अमोनियम मॉलिब्डेटच्या बाटल्या पुन्हा मोजल्या. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला...

सातापामामा आमच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले आणि काचा धुणारे म्हणून निवृत्त झाले. मी संशोधनाला आले तेव्हा माझा विषय होता मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या पातळ फिल्म. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, की केसापेक्षाही कितीतरी पातळ थर बसतो. त्याची रचना पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांमधल्या फटींत आयन शिरले की फिल्म निळी होते, बाहेर काढले की पुन्हा आरपार दिसू लागते. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. काच नीट धुतली नसेल तर ही फिल्म भाजलेल्या पापडासारखी उचलून येते, हे मात्र मामांकडून कळलं. "ताई, निम्मं काम काचंचं हाय," ते म्हणायचे. "ऱ्हायलेलं निम्मं तुमचं."

साबण, आम्लात उकळणं, शुद्ध पाणी, शेवटी अल्कोहोलच्या वाफेत वाळवणं, असा त्यांचा क्रम असे. मग प्रत्येक घाण्यातली एक काच उचलून तोंडाजवळ धरत आणि 'हा' करून तिच्यावर हळूच श्वास सोडत. वाफ सगळीकडे सारखी पसरली तर घाणा पास. ठिपके राहिले, ओघळ दिसले, तर सगळा घाणा पुन्हा धुवायला. श्वास सोडलेली काच ते वापरू देत नसत, सिंकखालच्या लाकडी पेटीत टाकत.

मला याद्यांची सवय. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी काचा धुण्याच्या आठ पायऱ्या टाइप करून सिंकवर चिकटवल्या. मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं.

"ह्यात माझी वाफ कुठाय?"

"मामा, तोंडाची वाफ काय लिहायची? पेपरात चालत नाही ते."

"नका लिवू. काच कुठं पेपर वाचतीया?"

ते हसले, मीही हसले. यादी आठ पायऱ्यांचीच राहिली.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीच्या फिल्म टिकेनात. तीन महिने आम्ही तापमान बदललं, द्रावण बदललं, फवाऱ्याची नळी बदलली. तिची फेलोशिप संपत आली होती आणि पोरगी रोज माझ्यासमोर डोळे पुसायची. मी संभाव्य कारणांची यादी केली, चौदा कारणं निघाली. त्यात काच नव्हती. काच तर माझ्या यादीप्रमाणेच धुतली जात होती! शेवटी मामांना फोन केला. ते एसटीनं आले, पिशवीत आमच्यासाठी भाजलेल्या शेंगा घेऊन. यंत्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. धुतलेली एक काच उचलली, श्वास सोडला. वाफेत मोठमोठे ठिपके उमटले.

"काच खरकटी हाय की ओ ताई."

त्या वर्षी साबण बदलला होता, त्याचा अंश काचेवर राहत होता. काचा पुन्हा धुतल्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी फिल्म घट्ट बसली, दुसऱ्या दिवशी ती निळी झाली. जाताना मामा म्हणाले, "आता तरी लिवा. मी काय दरवेळंला येनार हाय?" मी हो म्हटलं. वहीत माझं 'सवडीने' असं एक पान असतं, तिथं ते काम टिपलं. वही संपली की नव्या वहीत उतरवून घेतलं. असं दोनदा झालं. ओळभर लिहायला दोन मिनिटं लागली असती.

शेवटची भेट कोल्हापुरातल्या दवाखान्यात झाली. दम्यानं फुफ्फुसं पार थकली होती. ऑक्सिजनच्या मास्कला आतून प्रत्येक श्वासाबरोबर वाफ धरत होती, विरत होती. मी त्याकडेच बघत बसले. मामांनी मास्क जरा बाजूला केला.

"लिवलंसा?"

"हो मामा," मी म्हटलं. "नवव्या नंबरला."

खोटं बोलतानाही मी नंबर दिला. ते समाधानानं हसले. "नवव्याच. आल्कोहोलच्या मागनं... बरा झालो की येऊन बघतो." मामींनी मास्क परत बसवला. दुसऱ्या दिवशी पहिलं काम हेच, असं ठरवून मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं काम निघालं. सहाव्या दिवशी तो फोन आला.

कोडोलीहून परतल्यावर मी घरी न जाता प्रयोगशाळेत गेले आणि यादीखाली पेनानं लिहिलं: नऊ, घाण्यातली एक काच तोंडाजवळ धरून हळू श्वास सोडावा, वाफ सारखी पसरली नाही तर सगळा घाणा पुन्हा धुवावा. पुढे कंसात त्यांचं नाव लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं आहे. येऊन बघणारा माणूस नाही, आणि माझं ते खोटं 'हो' त्याच्याबरोबर गेलं...

सिंकखालची पेटी अजून तिथंच आहे. साफसफाईच्या यादीत तिचं नाव आलं की मी ते खोडते. सोमवारी बाटल्या मोजून झाल्या की त्यातली एक काच काढते, पुसते, तोंडाजवळ धरते. वाफ पसरते आणि कडेपासून आत सरकत विरू लागते. काच आरपार दिसेपर्यंत मी ती तशीच धरून उभी राहते.