परातीतलं पीठ
परवा मुलीने मोबाईलवर दाखवलं: पत्र्यावर वाळू पसरायची, खालून आवाज सोडायचा, की वाळूची नक्षी उमटते, म्हणे त्या थरथरीने माणसं बरीही होतात. मला एकदम ज्वारीच्या पिठाचा वास आला. सोलापुरात आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. वडील तिथेच विणकर. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, मग लकव्याने डावं अंग गेलं. उजवा तळवा भिंतीला लावून ते पडून राहायचे. भिंत थरथरली की त्यांना झोप लागायची. आई पिठाची परात भिंतीला टेकवून त्यांच्या उशाशी ठेवायची. "ऐकू येत न्हाय, निदान दिसू दे की त्यास्नी," म्हणायची. माग सुरू झाले की पिठावर बारीक लाटा उठायच्या आणि वडील त्या बघत राहायचे. एका उन्हाळ्यात कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. त्यांना सांगायला कुणी धजलं नाही. भिंत चाचपत ते घाबरून म्हणाले, "ह्यो बी हात गेला की माजा!" आई बाहेर गेली आणि रिकाम्या कारखान्यातून मुसळाने भिंत ठोकू लागली. पीठ हललं. वडिलांनी तळवा टेकवला, बराच वेळ पिठाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "माग न्हाय त्यो. तुजी आई हाय. दमली असंल, बोलाव तिला." आई आत आली तेव्हा त्यांचा हात छातीवर होता; भिंतीला तो त्यांनी पुन्हा कधी लावला नाही. मुलीचा व्हिडिओ संपला. मी भाकरीसाठी परात पुढे ओढली आणि पिठाकडे बघत बसले. ते हललं नाही.