टॉवेलात गुंडाळलेलं पान

वणीहून यवतमाळला जाणारी बस तव्यासारखी तापली होती. उन्हाने त्या दिवशी म्हणे जुने सगळे उच्चांक मोडले होते. मी ओला रुमाल डोक्यावर टाकून मरणाची तयारी करत होतो, आणि शेजारचा खाणकामगार मात्र नुकताच बाप झाल्यासारखा खुशीत! मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला दगड.

"पाहा भाऊ, पान!"

खरंच, दगडावर पानाचा ठसा होता. खाणीत कोळशाच्या थराजवळ सापडलेला.

"साहेब म्हणे, पयले इथं बर्फ होता, मंग जंगल झालं. बायको मानतच नाही. तिले दाखवाले नेऊन राह्यलो."

"म्हणजे थंडी-गरमी जुनीच! मग घाबरायचं कशाला?" मी अक्कल पाजळली.

तो ठशावरून बोट फिरवत राहिला. "तवा पृथ्वीले घाई नव्हती, भाऊ. तेच जंगल आता आपण कोळसा म्हणून भराभरा जाळून राह्यलो."

मारेगावला त्याची बायको उभी होती. उतरल्या उतरल्या, भर उन्हात, त्याने टॉवेल सोडला. ती वाकली.

"अवो, याले तं शिरा बी हायेत!"

"मग! पानच आहे ते!" खिडकीतून मीच ओरडलो, जणू ते झाड माझ्या आजोबांनी लावलं होतं.